‘डॉक्टर कधी गाळा सोडत नाही’ म्हणे!

‘नवशिक्यासाठी सर्वांत सुरक्षित गुंतवणूक म्हणजे दवाखान्याचा गाळा, डॉक्टर जागा सोडत नाहीत, या धंद्याला मंदी नाही, भाड्यावरचा जीएसटी डॉक्टरला परत मिळतो आणि ताबा मिळेपर्यंत बिल्डर ९ टक्के खात्रीचे भाडे देतो’, असा मजकूर सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. नुकतेच निवृत्त झालेले आमचे भाऊजी तो वाचून पुण्यातल्या एका गाळ्यासाठी टोकन द्यायला निघाले, तेव्हा मला गप्प बसवेना.

सर्वांत हास्यास्पद आहे ते खात्रीचे भाडे. इमारत उभी नाही, डॉक्टर नाही, रुग्ण नाही. मग हे भाडे येते कोठून? भाऊजींच्याच खिशातून. गाळ्याच्या ६० लाखांवर ९ टक्के म्हणजे वर्षाला ५ लाख ४० हजार, ताबा मिळेपर्यंतच्या तीन वर्षांचे १६ लाख २० हजार. त्याच रस्त्यावर बांधून तयार असलेला तेवढाच गाळा ४५ लाखांना मिळतो आहे. म्हणजे १५ लाख आधी जास्तीचे घ्यायचे आणि तेच हप्त्याहप्त्याने परत करायचे. वर त्या फुगवलेल्या किमतीवर ७ टक्के मुद्रांक शुल्क आणि हाती येणाऱ्या रकमेवर प्राप्तिकर भरायचा तो भाऊजींनीच. सेबीने मार्च २०२४ मध्ये लहान व मध्यम रीटसाठी (अनेकांचे पैसे एकत्र करून भाड्याच्या मालमत्तांत गुंतवणाऱ्या योजनांसाठी) जे नियम केले, त्यांत योजनेची किमान ९५ टक्के मालमत्ता बांधून पूर्ण झालेली आणि उत्पन्न देणारी असावी, अशी अट आहे. जाणकार व्यवस्थापकांवर जे बंधन घालावे लागते, त्याच्या नेमके उलटे करायला हा मजकूर नवख्या माणसाला सांगतो.

डॉक्टर सहसा जागा सोडत नाहीत, हे मात्र नाइलाजाने मान्य करतो. दंतवैद्याच्या खुर्चीसाठी फरशीखालून पाण्याच्या, सांडपाण्याच्या आणि दाबाखालील हवेच्या नळ्या न्याव्या लागतात. एवढा खर्च करून कोणी सहज उठत नाही. परंतु हे जम बसलेल्या डॉक्टरचे झाले. रुग्णच फिरकले नाहीत, तर करारातला लॉक-इन (जागा न सोडण्याचा ठरलेला काळ) संपताच तो जातो आणि उखडलेली फरशी मालकाच्या वाट्याला येते.

मंदी नाही म्हणणाऱ्यांनी २०२० ची टाळेबंदी आठवावी. भाड्यावरचा जीएसटी डॉक्टरला परत मिळतो, हेही चूक. वैद्यकीय सेवाच करमुक्त असल्याने त्याला इनपुट क्रेडिट, म्हणजे खर्चावर भरलेल्या जीएसटीची वजावट, घेता येत नाही.

माहितीपत्रकात ज्याला ‘मेडिकल हब’ म्हटले आहे, त्याचा मंजूर नकाशा काल भाऊजींनी आणि मी महारेरा या राज्याच्या बांधकाम-प्रकल्प नियामकाच्या संकेतस्थळावर उघडला. बावीसही गाळ्यांवर एकच शब्द होता: दुकान.