‘एईएस ६५ मिलिसेकंदांत फुटलं’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

रविवारी कसब्यात मामाकडे गेले होते. मामा बँकेतून रिटायर झालाय आणि आता ओळखीतल्या साठ-सत्तर लोकांचे रिटर्न भरून देतो. चहा व्हायच्या आत म्हणाला, "अगं ते बिटलॉकर काढून टाकलं बरं का मी, लॅपटॉप कसला पळतोय आता." बिटलॉकर म्हणजे विंडोजमधलं डिस्कचं कुलूप, डिस्क एन्क्रिप्शन. का काढलंस म्हटलं तर फोनच पुढे केला. सोसायटीच्या ग्रुपवरून आलेला लांबलचक मेसेज, आणि तोच संध्याकाळपर्यंत मला अजून दोन ग्रुपवर दिसला, म्हणून लिहायला बसलेय.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. एईएस नावाचं एन्क्रिप्शन (किल्लीशिवाय डेटा वाचता येऊ नये म्हणून तो गुंतवून ठेवायची पद्धत) इस्रायली शास्त्रज्ञांनी २००५ सालीच ६५ मिलिसेकंदांत फोडलं आणि कंपन्या ते लपवतात. त्यामुळे डिस्क एन्क्रिप्शन म्हणजे नुसतं ओझं, बंद करा, स्पीड डबल होईल. एईएस फास्ट करायला प्रोसेसरमध्ये ज्या सूचना (इन्स्ट्रक्शन) घातल्यात तो अमेरिकेचा चोरदरवाजा आहे. २५६ बिटची की (किल्ली) म्हणजे १२८ बिटच्या जेमतेम दुप्पट भक्कम. आणि खरी सुरक्षा हवी असेल तर ज्याचा फॉर्म्युला कुणालाच माहीत नाही असं अॅप वापरा.

आधी ‘बंद करा’ बघू, कारण त्याने नुकसान होऊनही गेलंय. माझ्या बॅगेत लिनक्सचा, म्हणजे विंडोजऐवजी चालवता येणाऱ्या सिस्टिमचा, पेनड्राइव्ह असतो. मामाचा लॅपटॉप त्यावरून सुरू केला, विंडोजचा पासवर्ड विचारायचा प्रश्नच आला नाही, त्याची डिस्क उघडली, रिटर्नचं फोल्डर उघडलं आणि पहिल्याच फाइलमधला पॅन नंबर आणि बँक खातं मामाला वाचून दाखवलं. सगळं मिळून चार मिनिटं लागली. मामा बघतच राहिला, म्हणाला "पण पासवर्ड आहे ना त्याला?" मामा, तो पासवर्ड विंडोजच्या दाराला आहे, डिस्कला नाही, डिस्कला कुलूप होतं ते बिटलॉकरचं आणि तेच तू काढलंस. हा लॅपटॉप घेऊन हा माणूस स्वारगेटपर्यंत पीएमटीने जातो. बॅग बसमध्ये राहिली असती तर साठ-सत्तर घरांचे कागद कुणाच्याही हातात.

आता ते ६५ मिलिसेकंद. आकडा खरा आहे, हे मला मान्य करावंच लागतं. ओसविक, शामिर आणि ट्रोमर या तिघांचा पेपर आहे, शामिर म्हणजे आरएसए या प्रसिद्ध एन्क्रिप्शन पद्धतीच्या नावातला ‘एस’ तोच. लिनक्सच्या डीएम-क्रिप्ट या डिस्क एन्क्रिप्शनवर त्यांनी ८०० वेळा डेटा लिहायला लावला, त्याला ६५ मिलिसेकंद लागले, वर ३ सेकंद हिशोब, आणि अख्खी एईएस की हातात. पण पेपर उघडून बघायची तसदी मेसेज लिहिणाऱ्याने घेतली असती तर कळलं असतं की त्यांनी एईएसचं गणित फोडलेलं नाही, एईएस फास्ट करायला लिहिलेल्या कोडची चाहूल घेतलीय.

झालं असं की सॉफ्टवेअरमध्ये एईएस पळवायला लोकांनी आधीच हिशोब करून ठेवलेले चार तक्ते वापरले, प्रत्येक १ केबीचा. दर वेळी गुणाकार करत बसण्यापेक्षा तक्त्यातून उत्तर उचलायचं. आता प्रोसेसरची कॅश म्हणजे ओट्यावरचा मिसळणाचा डबा समजा आणि रॅम म्हणजे माळ्यावरचे डबे. जे डब्यात आहे ते पटकन मिळतं, माळ्यावरचं काढायला वेळ लागतो. हल्ला करणारा प्रोग्राम आधी सगळ्या वाट्या आपल्या जिनसांनी भरून ठेवतो, मग एईएसला एकदा काम करू देतो, आणि मग आपली कुठली वाटी रिकामी करून दुसऱ्याने काही भरलंय ते वेळ मोजून ओळखतो. एईएस डेटावर ठरावीक फेऱ्या मारतं, एक फेरी म्हणजे एक राउंड. पहिल्या राउंडमध्ये तक्त्यातला कितवा आकडा उचलायचा हे ठरतं डेटाचा बाइट आणि कीचा बाइट यांच्या एक्सॉरवरून, म्हणजे दोघांचे बिट जुळतात का ते बघणाऱ्या साध्या क्रियेवरून. डेटा माहीत आहे, वाटी कळली, म्हणजे की कळायला लागली. एका कॅश लाइनमध्ये ६४ बाइट, म्हणजे तक्त्याचे १६ आकडे बसतात, त्यामुळे पहिल्या राउंडमधून दर बाइटचे वरचे ४ बिट मिळतात, उरलेले दुसऱ्या राउंडमधून काढतात. फार हुशारीचं काम आहे. त्याच वर्षी बर्नस्टाइन नावाच्या संशोधकाने तर नुसती सर्व्हरची उत्तरं यायला लागणारी वेळ मोजून की काढून दाखवली होती.

पण नीट बघा, ओसविक वगैरेंचा प्रोग्राम त्याच मशीनवर, त्याच कॅशवर चालत होता, आणि डिस्क तेव्हा उघडी होती, काम करत होती. बसमध्ये राहिलेल्या बंद लॅपटॉपला कॅश कुठली आणि वाट्या कुठल्या! चोराकडे फक्त डिस्क असते आणि डिस्कवर एन्क्रिप्ट केलेला डेटा. त्याला एईएसच्या गणिताशीच झगडावं लागतं, आणि तिथे २०११ चा बायक्लिक नावाचा गणिती हल्ला १२८ बिटच्या कीला २ च्या १२८ व्या घाताइतक्या प्रयत्नांवरून जेमतेम २ च्या १२६.१ व्या घातापर्यंत खाली आणू शकलाय. म्हणजे व्यवहारात काहीच नाही.

आणि त्या पेपरनंतर जग थांबलेलं नाही. २००९ मध्ये कॅस्पर आणि श्वाबे यांनी तक्ते पूर्ण काढून टाकून बिटस्लाइस पद्धतीने, म्हणजे तक्त्याऐवजी थेट बिटांवर हिशोब करून, एईएस लिहिलं, तेही एका बाइटला प्रोसेसरचे ७.५९ ठोके (सायकल) इतकं फास्ट, आणि २०१० पासून इंटेलच्या प्रोसेसरमध्ये एईएसच्या वेगळ्या सूचना आल्या, एक राउंड एका सूचनेत, तक्ता नाही, की बदलली म्हणून वेळ बदलत नाही. आधी स्पीडसाठी जे केलं त्याने भोक पडलं, आणि पुढे स्पीडसाठीच जे केलं त्याने ते बुजलं. मेसेजवाल्याने पहिला अर्धा भाग सांगितला आणि दुसरा गाळला, याचा मला सगळ्यात जास्त राग आलाय.

स्पीडचंही मामाच्याच लॅपटॉपवर दाखवलं. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पीड मोजायची सोय असते. सूचना वापरून सेकंदाला साडेतीन जीबीच्या आसपास, त्या सूचना नाहीतच असं त्याला भासवून चालवलं तर दोनशे एमबीच्या आसपास. मामाचे एक्सेल आणि पीडीएफ यातल्या कशालाही थकवणार नाहीत. बिटलॉकरने काहीच फरक पडत नाही असं मी म्हणणार नाही, टॉम्स हार्डवेअर या वेबसाइटने २०२३ मध्ये मोजलं तेव्हा एका महागड्या एसएसडीवर काही कामांत ४५ टक्क्यांपर्यंत घट दिसली होती. काही कामांत. लॅपटॉप ‘पळतोय’ तो बहुतेक रीस्टार्ट केल्यामुळे, मामा महिना महिना तो रीस्टार्टच करत नाही.

चोरदरवाजाचं म्हणाल तर एईएसला लपवायला जागाच नाही, तीच की आणि तोच डेटा दिला की उत्तर एकच यायला पाहिजे. स्टँडर्डमध्ये, म्हणजे अमेरिकन सरकारच्या २००१ च्या फिप्स १९७ या दस्तऐवजात, नमुन्याची उत्तरं छापलेली आहेत, घरी बसून ताडून बघा. प्रोसेसरमधल्या रँडम आकडे देणाऱ्या सूचनेबद्दल शंका घेतली तर ती मी ऐकून घेईन, कारण रँडम आकडा ताडता येत नाही, म्हणूनच लिनक्स त्यात बाकीच्या ठिकाणचे आकडे मिसळतं. एईएसबद्दल नाही.

२५६ बिटची की १२८ च्या नुसती दुप्पट भक्कम नव्हे, एक बिट वाढला की किल्ल्या दुप्पट होतात, इथे १२८ बिट वाढलेत. पुढे. गुप्त फॉर्म्युला? मायफेअर क्लासिक या टेकवायच्या कार्डांमधलं (बसची, दाराची) क्रिप्टो-१ हे एन्क्रिप्शन गुप्तच होतं, २००७-०८ मध्ये संशोधकांनी चिप उलगडून ते बाहेर काढलं आणि आत फक्त ४८ बिटची की निघाली. एईएस तर बेल्जियमच्या दोघांनी सगळ्यांसमोर मांडलं, १५ उमेदवारांतून निवडलं गेलं, आणि वीसहून जास्त वर्षं जगभरचे लोक त्याच्यावर तुटून पडतायत.

हल्ले होतात, मी नाही म्हणत नाही, माझं कामच फर्मवेअरचं, म्हणजे चिपच्या आत चालणाऱ्या कोडचं आहे. साध्या मायक्रोकंट्रोलरच्या (उपकरणातल्या छोट्या चिपच्या) वीजपुरवठ्यात एक छोटा रेझिस्टर टाकून ऑसिलोस्कोप लावला की एईएस-१२८ चे दहा राउंड दहा उंचवट्यांसारखे डोळ्यांना दिसतात, शेवटचा जरा आखूड, कारण त्यात मिक्स-कॉलम्स ही बाइट मिसळायची पायरी नसते. २०१६ मध्ये फिलिप्स ह्यू या स्मार्ट बल्बमधली की अशीच वीज मोजून काढली होती. पण त्यासाठी चालू वस्तू हातात लागते, आणि त्यावर उपाय कोड आणि चिप सुधारणं हा आहे, कुलूप काढून फेकणं नाही.

मामाकडून बिटलॉकर परत चालू करून घेतलं. ४८ आकडी रिकव्हरी की, सहा-सहाचे आठ गट, त्याने बँकेतल्या अक्षरात वहीत उतरवली, मी मोठ्याने वाचून दोनदा ताडली, आणि वही मामीने कपाटात लॉकरमध्ये ठेवली. लॅपटॉपच्या बॅगेत नाही, हे दोघांना सांगून निघाले तेव्हा एन्क्रिप्शन ३१ टक्क्यांवर होतं.