हुक तेवढे राहिलेत

माझ्या कॉम्प्युटरवरच्या खेळात काम एकच आहे. भर पावसात, दिवेलागणीच्या आत म्हैस घरी आणायची. बांधावरून, ओढ्यातून, मध्येच शेजाऱ्याच्या भातात तिला तोंड घालू न देता. हा खेळ एकट्याने करण्यात माझी तीन वर्षं आणि चिंचवडच्या घरातला अर्धा हॉल गेला. उरलेल्या अर्ध्या हॉलमध्ये आईचं पायमशीन आहे. ती सोसायटीतल्या बायकांचे ब्लाउज शिवते.

खेळ स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या खेळांच्या ऑनलाइन दुकानात आला आणि तिसऱ्याच दिवशी पहिला उलटा अंगठा पडला. ‘म्हैस पळते. फार पळते.’ सोबत व्हिडिओ. म्हैस शर्यतीतल्या घोड्यासारखी सुटलेली, दावं ताणलेलं आणि दाव्याच्या टोकाला माझा नायक हवेत आडवा, पतंगासारखा. बघता बघता दोघं ओढा ओलांडून नकाशाबाहेर गेले. याने काहीतरी चावटपणा केला असणार, असं मला आधी वाटलं. चूक आपली असेल हा विचार साधारण सातव्या नंबरवर येतो.

तर चूक माझीच होती. दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या दर चित्राला, दोन पावलं टाक, असं मी म्हशीला सांगून ठेवलं होतं. माझ्या म्हाताऱ्या लॅपटॉपवर सेकंदाला ६० फ्रेम. त्या गृहस्थाचा मॉनिटर १४४ हर्ट्‌झचा, म्हणजे सेकंदाला १४४ फ्रेम आणि तीच म्हैस २.४ पट वेगाने. ज्याचा कॉम्प्युटर महाग, त्याची म्हैस जास्त उधळलेली. दोन फ्रेममध्ये किती वेळ गेला त्याने वेगाला गुणायचं असतं, हे शिकाऊ पोरंही जाणतात. मी गुणलं. म्हैस म्हशीसारखी चालू लागली आणि ओढ्यात रुतून बसली, कारण ओढ्याचा हिशेबही त्याच जुन्या पावलांवर बेतलेला. ओढा नीट केला, तर दावं तुटायला लागलं.

“मुंढा उसवला की बाही पण उसवावी लागते,” आई म्हणाली. “बायकांना वाटतं, नुसती एक टीप सोडायची.”

दरम्यान ‘पुढच्या शुक्रवारी अपडेट’ असं मी जाहीर करून बसलो होतो. तो शुक्रवार गेला, मग त्याच्यानंतरचेही तीन गेले. आईचे फोन माझ्या कानाशीच चालतात. “झालंय हो काकू, हुक तेवढे राहिलेत,” ती अगदी निर्मळ आवाजात सांगते. मान वळवून पाहावं, तर काकूंचं कापड अजून पिशवीत, घडीसुद्धा मोडलेली नाही.

एव्हाना २३ अभिप्राय आले होते, त्यातले सुलटे १४. टक्के ६१. सत्तरच्या खाली घसरलं की खेळाच्या नावाखाली ‘मिक्स्ड’ अशी पाटी लागते. दहावीला ६१ टक्के पडले होते तेव्हा घरी पेढे वाटले होते, हे तिथे कुणाला सांगणार? स्टीमवर दोन तासांपेक्षा कमी खेळलात, तर १४ दिवसांत पैसे परत मागता येतात. काही महाभाग एक तास अठ्ठावन्न मिनिटं खेळून, म्हैस गोठ्यात बांधून, पैसे घेऊन गेले. आणि जर्मनीतल्या एका बाबाने उलटा अंगठा दिला, त्याच्या नावापुढे खेळलेले तास होते ६१. एकसष्ट तास माझी म्हैस वळल्यावर तो म्हणतो, वेळ वाया गेला!

‘भिकार’ असं लिहिणाऱ्याचा मला त्रास होत नाही. ‘मला फार आशा होती’ असं लिहिणारा मात्र रात्रभर झोपू देत नाही. त्याचं खरं असतं ना.

मी आईला ‘सिल्कसाँग’ची गोष्ट सांगितली. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडची चिमुकली मंडळी. फेब्रुवारी २०१९ मध्ये खेळ जाहीर केला आणि दिला थेट ४ सप्टेंबर २०२५ ला. साडेसहा वर्षं! तरीही लोक असे तुटून पडले की स्टीमसकट दुकानंच कोलमडली.

“त्यांचं आधीचं ब्लाउज अंगावर नीट बसलं असेल,” आई म्हणाली.

बसलं होतं. २०१७ मध्ये. मी विषय बदलला.

तक्रारीवर आईचा एक उपाय आहे. ‘मुंढ्यात काचतंय’ म्हणत कुणी आलं, की वाद घालायचा नाही. ब्लाउज ठेवून घ्यायचं, चार दिवसांनी कडक इस्त्री करून द्यायचं आणि म्हणायचं, आता बघा. निम्म्या बायका ‘आता कसं छान बसलं’ म्हणत जातात. मीही इस्त्री फिरवली. आवृत्ती १.०.३ ची १.०.४ केली, ‘म्हशीच्या चालीत सुधारणा’ असं लिहिलं आणि सोडून दिली. आत काडीही हलवली नव्हती. दोघांनी लिहिलं, ‘आता फरक जाणवतो.’ एकाने उलटा अंगठा सुलटा केला. संध्याकाळी जर्मनबाबा उगवले. ‘दोन्ही आवृत्त्यांच्या फाइली ताडून पाहिल्या. एक आकडा बदललाय.’

इतकी लाज मला ओढ्यात रुतलेल्या म्हशीचीही वाटली नव्हती. खरं काय ते कबूल केलं, माफी मागितली आणि आता दावं नक्की नीट करतो म्हणालो. कालच जर्मनबाबांचा निरोप आला. ‘काम कुठवर आलंय?’

दाव्याला मी अजून हातही लावला नव्हता.

“काय लिहू गं?”

“हुक तेवढे राहिलेत म्हणावं,” टाचणी ओठांत धरून आई म्हणाली.

मी तेच जसंच्या तसं लिहिलं. पाच मिनिटांत उत्तर आलं. ‘हुक? कीबोर्डचे असणार, कुठली कळ दाबली ते पकडणारे. मीही प्रोग्रामर आहे. हुकचं काम फार किचकट. घाई करू नका.’ आणि खाली सुलटा अंगठा.

आईला वाचून दाखवलं.

“समजूतदार आहे हो माणूस,” ती म्हणाली. “नाहीतर आपल्या बी विंगच्या काकू.”