सहा वर्षांची वाट आणि ‘द लॉस्ट सिम्बॉल’

(पुढे सगळी रहस्यं फोडली आहेत. पुस्तक २००९ सालचं आहे, तेव्हा तक्रार ऐकून घेतली जाणार नाही.)

डॅन ब्राऊनचं नवं पुस्तक घेतलंस का, असं तिघांनी विचारून झालं. नाही घेतलं. ‘द सीक्रेट ऑफ सीक्रेट्स’मध्ये कॅथरीन सॉलोमन परत आलीय हे कळल्यावर तर हात आणखीच आखडला. ही बाई जिथे पहिल्यांदा भेटली, त्या ‘द लॉस्ट सिम्बॉल’चा राग अजून गेलेला नाही.

‘द दा विंची कोड’ मी हॉस्टेलवर एका रात्रीत संपवलं होतं. सकाळचं प्रॅक्टिकल बुडालं, त्याचंही काही वाटलं नाही. ते पुस्तक २००३चं. त्याचा नायक, चिन्हांचा अभ्यासक प्रोफेसर लँग्डन, याच्या पुढच्या गोष्टीसाठी सहा वर्षं थांबावं लागलं. मधल्या काळात नुसत्या वावड्या: नाव ‘द सॉलोमन की’ असणार, फ्रीमेसन (थोडक्यात ‘मेसन’) या जुन्या, गुप्त विधी पाळणाऱ्या बंधुसंघावर असणार. फोर्टातल्या फ्रीमेसन्स हॉलवरून जाताना मी उगाच मान वर करून बघायचे. शेवटी तारीख जाहीर झाली, १५-९-०९. बेरीज करा, ३३. मेसन लोकांची ती मानाची तेहतिसावी पायरी! तारखेतच एवढी करामत, तर आत काय असेल? पहिल्याच दिवशी दहा लाख प्रती खपल्या, म्हणजे वेडी मी एकटीच नव्हते.

सुरुवात झकास आहे, खोटं कशाला बोलू. वॉशिंग्टनला कॅपिटॉलच्या घुमटाखाली मनगटापासून तोडलेला हात, बोटांच्या टोकांवर गोंदण. ड्यूरर या जर्मन चित्रकाराच्या १५१४ सालच्या चित्रातला तो आकड्यांचा जादूचा चौकोनही छान. आडवी, उभी, तिरपी, कशीही बेरीज करा, ३४ येते, आणि खालच्या ओळीत मधोमध १५ आणि १४, म्हणजे चित्राचं सालच. ती पानं मी वही-पेन घेऊन वाचली.

पण मग सीआयएची ती अधिकारी बाई, सातो. पानोपानी एकच पालुपद, राष्ट्रीय सुरक्षा धोक्यात आहे! काय धोका, ते सांगायचं नाही. शेवटी निघतं काय, तर बड्या लोकांचा मेसन विधी करतानाचा व्हिडिओ. बस्स. खलनायक खरा कोण, हे मला निम्म्यातच कळलं होतं, आणि माझं डोकं काही फार चालत नाही. लँग्डन पाण्याच्या पेटीत बुडून मरतो, मी पुस्तक मिटून पाच मिनिटं सुन्न बसले, आणि थोड्या पानांनी कळतं की तो द्रव श्वासात घेता येणारा होता. ही वाचकाची चक्क फसवणूक आहे. पेटीचं झाकण उघडलं तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता, झाला संताप.

आणि सगळे जे शोधत असतात, ते हरवलेलं गूढ? वॉशिंग्टन स्मारकाच्या पायात १८४८ साली कोनशिलेबरोबर ठेवलेलं बायबल, आणि त्याचा गूढार्थ असा की देव माणसाच्या आतच आहे.

बाबा तेव्हा रोज विचारायचे, “सापडलं का गं तुझं ते?” मी वैतागून शेवट सांगितला. ते चहा पिता पिता म्हणाले, “तुझे आहे तुजपाशी, परी तू जागा चुकलासी. एवढ्यासाठी पाचशे पानं?”

तसं बघितलं तर कीर्तनात हे ऐकतच मी मोठी झाले. तेही फुकट, वर प्रसाद मिळायचा तो वेगळाच.

पुस्तक अजून कपाटात आहे, वरच्या फळीवर, आडवं. नवं कुणी घेतलं असेल तर वाचून झाल्यावर द्या. विकत घेणार नाही.