गुडघाभर पाण्यातली वैद्यकी

ओढ्याचे आरोग्य तपासणे हे शांत, निसर्गरम्य आणि एकांतातले काम आहे, असा ज्यांचा समज असेल त्यांनी पुण्याच्या पश्चिमेकडील राम नदीत एकदा गुडघाभर पाण्यात उभे राहून पाहावे. खाटपेवाडीच्या डोंगरात उगम पावून भूगाव, बावधन, पाषाण, बाणेर अशा वस्त्या ओलांडत औंधजवळ मुळेला मिळणारी ही नदी आकाराने ओढ्याएवढीच आहे. परंतु तिच्या पात्रात रबरी बूट घालून वाकलेला माणूस दिसला की पुलावर जमणारी गर्दी मात्र महानदीला शोभेल अशी असते.

"काय पडलं?" हा पहिला प्रश्न ठरलेला असतो. मोबाइल, किल्ली की अंगठी यावर पुलावर मतभेद असतात. काहीही पडलेले नसून आपण किडे मोजत आहोत, असा खुलासा केल्यास लोकांची सहानुभूती कमी होत नाही. तिचे कारण तेवढे बदलते.

किडेच का, हे पुलावरून ओरडून समजावून देणे कठीण आहे. बाटलीत भरून प्रयोगशाळेत नेलेले पाणी केवळ त्या क्षणापुरते बोलते. रात्री कोणी टँकरभर घाण सोडली तरी सकाळपर्यंत तो पुरावा पुढच्या वस्तीत पोहोचलेला असतो. दगडाखालची अळी मात्र अनेक आठवडे, कधी कधी अनेक महिने तेथेच राहते आणि जे येईल ते निमूटपणे सोसते किंवा मरते, त्यामुळे तिची साक्ष अधिक विश्वसनीय ठरते. ब्रिटनमध्ये 1970च्या दशकात या किड्यांच्या एकेका कुळाला 1 ते 10 गुण देण्याची पद्धत बसवली गेली: अत्यंत नाजूक प्रकृतीच्या स्टोनफ्लाय या किड्याला 10, चिखलातल्या लाल अळ्यांना 2 आणि गाळात राहणाऱ्या बारीक गांडुळांना 1. गुण कुळ पाहून दिले जातात हे ऐकून पुलावरच्या एका आजोबांना फार समाधान वाटले. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने हीच पद्धत येथील नद्यांसाठी जुळवून घेतली असून तिच्यात स्वच्छ पाण्याला निळा आणि अतिप्रदूषित पाण्याला लाल रंग दिलेला आहे.

नमुना घेण्यासाठी जाळे प्रवाहाच्या खालच्या अंगाला धरून त्याच्या पुढचा तळ तीन मिनिटे पायांनी ढवळायचा असतो. दुरून पाहणाऱ्याला हे दृश्य अंगात आल्यासारखे दिसते आणि एकदा एका आजींनी खरोखरच हात जोडले होते. वरच्या अंगाला, डोंगराजवळ, पांढऱ्या ट्रेमध्ये गाळ ओतला की स्वच्छ पाण्याची खूण मानल्या जाणाऱ्या मेफ्लाय या किड्याची पिल्ले दिसतात: तीन शेपट्या, चपटे अंग आणि पोटाच्या दोन्ही बाजूंनी सतत थरथरणारे पानासारखे कल्ले. ती पाहून जो आनंद होतो तो घरी कोणालाही सांगता येत नाही. खाली वस्तीत आले की ट्रे लालभडक होतो, कारण तेथील अळ्यांच्या अंगात आपल्यासारखेच हिमोग्लोबिन असते आणि प्राणवायू जवळजवळ संपलेल्या चिखलातही त्या सुखाने नांदतात. "काका, हे दुकानात विकत मिळतं, माझे मासे खातात," असे एका मुलाने सांगितले आणि माझा सगळा नमुना मागितला.

प्राणवायूचे प्रकरण आणखी फसवे आहे. शेवाळाने भरलेल्या पाण्यात भर दुपारी तो भरपूर सापडतो, कारण ऊन असेपर्यंत शेवाळ तो तयार करीत असते. रात्रभर तेच शेवाळ आणि जिवाणू मिळून तो संपवतात. म्हणून खरी परीक्षा पहाटे घ्यावी लागते, आणि पहाटे नदीकाठी कोण कोण कशासाठी आलेले असते हे सविस्तर लिहिण्याची गरज नाही. रसायनशास्त्रज्ञ विंकलरच्या 1888च्या पद्धतीनुसार बाटलीत दोन रसायने घातल्यावर तपकिरी साका धरला तर प्राणवायू आहे, साका पांढराच राहिला तर नाही. माझी पांढरी बाटली पाहून फिरायला आलेले एक गृहस्थ म्हणाले, "वा! अगदी दुधासारखं स्वच्छ आहे की हो!"

पाहणीच्या नोंदी करायच्या तक्त्यात नदीच्या तळाचे वर्णन करण्यासाठी खडक, गोटे, वाळू आणि गाळ एवढेच रकाने आहेत. बाणेरच्या बाजूला तळाशी फरशीचे तुकडे, एक गादी आणि एक संडासाचे भांडे होते, ज्याच्या आडोशाला गोगलगायींचा भरलेला संसार होता. बराच विचार करून मी भांडे 'खडक' या रकान्यात नोंदवले. शेजारीच शेकाटे पक्ष्यांचे छायाचित्र घेणाऱ्या एका हौशी माणसाने "पाहा, किती जिवंत नदी आहे!" असे उद्गार काढले, ते पक्षी सांडपाण्यातले किडे खायला आले होते, हे सांगण्याचे धाडस मला झाले नाही.

शेवटी मी उगमाकडचा पट्टा निळ्या आणि वस्तीतला पट्टा लाल रंगाने रंगवून नकाशा आमच्या सोसायटीच्या सचिवांकडे दिला. त्यांनी काटकसर म्हणून त्याच्या साध्या झेरॉक्स काढून सूचनाफलकांवर लावल्या, ज्यांत निळा आणि लाल हे दोन्ही रंग सारखेच करडे उमटले. त्यानंतर तीन शेजाऱ्यांनी येऊन माझे अभिनंदन केले, कारण नदी वरपासून खालपर्यंत एकसारखी असल्याचे मी सिद्ध केले होते.