भीमबेटकाचं पोळं आणि डिकिन्सोनियाचा ठसा

नमस्कार सर,

‘भीमबेटकाचा डिकिन्सोनिया मधमाश्यांचं पोळं निघाला. मग दगडावरच्या शेवाळाच्या खुणा पाहून पहिल्या प्राण्यांच्या गोष्टी सांगणं अंदाजपंचे दाहोदरसे नाही का?’ असं तुम्ही विचारलंत. डिकिन्सोनिया म्हणजे सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वीचा मऊ, चपटा समुद्री प्राणी; भोपाळजवळच्या भीमबेटकाच्या गुहेत त्याचा ठसा सापडल्याचा दावा झाला होता.

भीमबेटका आपल्या नागपूरकरांना जवळचं, म्हणून ते प्रकरण जास्त लागतं. पण तो दावा पडला कसा ते बघा. २०२१ मध्ये तो झाला आणि २०२३ मध्ये दुसऱ्या चमूने खोडला. तो ‘ठसा’ खडकापासून सुटत होता आणि गुहेच्या भिंतीला जवळपास उभा चिकटला होता. तिथले थर आडवे आहेत. समुद्रतळावर मेलेला प्राणी थराच्या सपाटीवर उमटतो, म्हणजे गुहेच्या छतात किंवा जमिनीवर दिसायला हवा. दावा आकारावर उभा होता, तो थर वाचल्यावर पडला. मी ज्या अभ्यासाची बाजू घेतो तो हाच.

आता तुम्ही ज्याला शेवाळ म्हणता ती मायक्रोबियल मॅट. डिकिन्सोनियाच्या काळातल्या उथळ समुद्रतळावर सूक्ष्मजीवांचा चिकट पापुद्रा पसरलेला असे. वादळाने वाळू येऊन पडली की प्राणी आणि पापुद्रा दोन्ही गाडले जात. ते कुजताना जीवाणूंमुळे लोहाची सल्फाइडं तयार होऊन वरच्या वाळूचा तळ घट्ट होई, आणि मऊ शरीराचा साचा राही. हाड नाही, शिंपला नाही, तरी ठसा उरतो तो त्यामुळे! दक्षिण ऑस्ट्रेलियातले त्या काळातल्या मऊ जीवांचे, म्हणजे एडियाकारा ठसे म्हणूनच बहुधा वालुकाश्माच्या थरांच्या खालच्या बाजूला सापडतात.

आणि नुसत्या आकारावर कुणी थांबलेलं नाही. रशियातल्या श्वेत समुद्राकाठच्या, सुमारे ५५.८ कोटी वर्षांपूर्वीच्या डिकिन्सोनियावरचा सेंद्रिय पापुद्रा २०१८ मध्ये तपासला गेला. त्यातल्या स्टेरॉइड अवशेषांत कोलेस्टेरॉलपासून आलेले, म्हणजे प्राण्याची खूण मानले जाणारे, ९३ टक्क्यांपर्यंत भरले. भोवतीच्या मॅटमध्ये मात्र हिरव्या शैवालांचे जास्त होते. भोवतालची मॅट तपासली नसती, तर त्या ९३ टक्क्यांना काहीच अर्थ नव्हता.

तुमच्या शंकेचा एक भाग मला पूर्ण मान्य आहे: मॅट दिसली म्हणजे प्राणी होता, असं होत नाही. मध्य प्रदेशातल्या सिधीकडच्या चोरहट वालुकाश्मात मॅटच्या सुरकुत्या आहेत, आणि तो खडक सुमारे १६० कोटी वर्षांचा. तिथेच किड्यांच्या वाटा सापडल्याचा १९९८ चा दावा बहुतेकांना पटलेला नाही, मलाही नाही.

आपल्या सेमिनरी हिल्सवर यातलं काही मिळायचं नाही, तो काळा दगड लाव्ह्याचा. भीमबेटका, सिधीकडच्या विंध्यच्या थरांकडे गेलात तर थराची सपाटी आधी बघा, आकार नंतर. फोटो काढलात तर थर कुठल्या दिशेला आहे तेही त्यात येऊ द्या, आणि मला जरूर पाठवा.