कोहिनूर म्हणे ‘भेट’ दिला होता!

‘कोहिनूर कुणी लुटला नाही. इंग्रजांच्या मदतीचे आभार मानून पंजाबच्या महाराजांनी तो राणीला स्वतःच्या हातानं भेट दिला. भारत सरकारनंही हे कोर्टात कबूल केलंय.’ दादर-गिरगावच्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर सध्या हा मेसेज फिरतोय, सोबत राजा चार्ल्सच्या मुकुटाचा फोटो.

महाराज म्हणजे नक्की कोण? रणजितसिंह १८३९ मध्येच वारले. इंग्रज-शीख युद्ध त्यानंतर सहा वर्षांनी पेटलं, मग आभार मानायला ते होते कुठे? मार्च १८४९ मध्ये गादीवर होता दहा वर्षांचा दलीपसिंह. त्याच्या आईला, जिंदकौरला, इंग्रजांनी आधीच दूर नेऊन ठेवलेलं. त्या पोराची लाहोरच्या तहावर सही घेतली, आणि तहाचं तिसरं कलमच कोहिनूरचं: महाराजांनी तो इंग्लंडच्या राणीच्या हवाली करावा. आहेर असा कलम घालून घेतात होय?

बरं, ही भेट नव्हे, असं खुद्द गव्हर्नर-जनरल डलहौसीचंच म्हणणं होतं. हिरा कंपनीनं घेऊन मग राणीला नजर करावा, असा एक सूर होता. डलहौसीनं लिहिलं की जिंकलेल्या राजाच्या हातून तो थेट जेत्या राणीच्या हाती जावा, त्यातच तिचा मान जास्त.

दरबारी नजराण्याची रीतही अशी नव्हती. नजर केली की उलट खिलत मिळे, म्हणजे मानाची वस्त्रं, सरपेच, कधी तलवार, आणि देणाऱ्याचं स्थान पक्कं होई. नोव्हेंबर १८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईत उतरला, तेव्हाच्या त्याच्या दौऱ्यात संस्थानिकांनी दागिने, शस्त्रं दिली आणि त्यानंही परतभेटी दिल्या. (दडपण तिथंही असणारच, पण देवघेव होती.) १९४७ मध्ये निजामानं राजकन्या एलिझाबेथला लग्नात दिलेला हिऱ्यांचा हार हा तर सरळ आहेर. त्यालाही लूट म्हणणारे महाभाग आहेत, तेही चूकच. दलीपसिंहाचं मात्र हिऱ्याबरोबर राज्यही गेलं. रणजितसिंह कोहिनूर बाजूबंदात बसवून दंडावर मिरवत, दोन्ही अंगांना एकेक लहान हिरा. तो दंडावरून उतरला याचा अर्थ लाहोर दरबारात कुणाला समजावून सांगावा लागला नसेल.

‘स्वतःच्या हातानं’ हे आलंय १८५४ मधून. राणीनं बकिंगहॅम पॅलेसमध्ये दलीपसिंहाला हिरा दाखवला, त्यानं खिडकीशी नेऊन बराच वेळ निरखला आणि परत तिच्या हातात ठेवला. पण तोवर तो त्याचा राहिलाच कुठे होता? डलहौसीनं कमरपट्ट्यात शिवून तो मुंबईला आणला होता आणि ६ एप्रिल १८५० ला ‘मेडिया’ जहाजानं तो इथूनच गेला. १८५२ मध्ये नव्यानं पैलू पाडले, तेव्हा सुमारे १८६ कॅरटचा जेमतेम १०५ उरला.

कोर्टाचं म्हणाल तर एप्रिल २०१६ मध्ये सॉलिसिटर जनरल सुप्रीम कोर्टात तसं बोलले, हे खरं. दुसऱ्याच दिवशी सांस्कृतिक मंत्रालयानं पत्रक काढलं की सरकारचं मत अजून कोर्टाला कळवलेलंच नाही. हे मेसेजमध्ये नाही.

आणि तो फोटो. चार्ल्सच्या मुकुटात कोहिनूर नाहीच, तो १९३७ साली राणी एलिझाबेथसाठी, म्हणजे चार्ल्सच्या आजीसाठी, घडवलेल्या मुकुटात आहे.