सिरॅमिक पॅड टाकूनही रिम काळी का? एक स्टारच्या रिव्ह्यूला गॅरेजचं उत्तर

नमस्कार साहेब,

रिव्ह्यू नीट वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की ब्रेकची धूळ येऊ नये म्हणून मुद्दाम सिरॅमिक पॅड (डिस्कवर दाबून गाडी थांबवणारे ब्रेकचे पॅड) टाकून घेतले, जास्तीचे पैसे मोजले आणि तीन आठवड्यांत अलॉय रिम परत काळ्या झाल्या, सकाळी पहिला ब्रेक पूर्वीसारखा कच्चकन लागत नाही, ब्रेकची डिस्क लेथवर घेऊन तासण्याचे पैसे उगाच लावले, अर्धा दिवस गाडी अडकवली, आणि पॅड डुप्लिकेट असावेत असा संशय. एवढं सगळं वाचल्यावर दोन ओळींत सॉरी टाकून विषय संपवणं मला पटत नाही. ब्रेकचं काम आहे, त्यामुळे प्रत्येक मुद्द्याला उत्तर देतो. तुमच्यासारखी युरोपियन गाडी असलेले अजून बरेच जण हाच प्रश्न घेऊन येतात, त्यांनाही उपयोग होईल.

आधी धुळीचं. तुमच्या गाडीला कंपनीतून जे पॅड येतात ते लो-मेटॅलिक प्रकारचे, युरोपियन गाड्यांना बहुतेक तेच असतात, तिकडे हायवेला स्पीड जास्त त्यामुळे गरम असताना पण जबरदस्त पकड पाहिजे असते. त्या पॅडमध्ये स्टीलचे बारीक तंतू असतात आणि ते डिस्कला घासून, खरवडून गाडी थांबवतात. म्हणजे पॅड झिजतो आणि डिस्क पण झिजते. डिस्क बिडाची, म्हणजे रिमवर जी काळी पूड दिसते त्यात लोखंड भरपूर आणि त्यातला बराचसा भाग डिस्कचाच असतो. हे कण गरम असताना उडून रिमवर बसतात, वर पाऊस पडला की तिथेच गंजतात आणि लॅकरमध्ये, म्हणजे रिमवरच्या पारदर्शक थरात, तपकिरी ठिपके धरतात, मग शाम्पूने कितीही घासा, निघत नाही.

सिरॅमिक पॅडमध्ये हे स्टीलचे तंतू नसतात. तो पॅड स्वतःचा एक पातळ थर डिस्कवर चढवतो आणि मग थरावर थर घासून गाडी थांबते. त्यामुळे डिस्क कमी झिजते, धूळ कमी पडते, जी पडते ती फिकट असते आणि चिकटून बसत नाही. धूळ अजिबातच येणार नाही असं मात्र कुठल्याच पॅडबद्दल म्हणता येत नाही. घासून थांबणारी वस्तू आहे, झिजणारच. आणि नवीन पॅड बसेपर्यंत पहिले काही शे किलोमीटर थोडी जास्तच धूळ येते, हे गाडी देताना सांगितलं होतं आणि बिलाच्या मागे लिहून पण दिलंय.

आता तुमच्या रिमवर प्रत्यक्षात काय आहे ते. मागच्या आठवड्यात तुम्ही गाडी दाखवायला आलात तेव्हा आपण लिफ्टवर घेऊन आयर्न रिमूव्हर मारलं होतं, तुम्ही शेजारीच उभे होतात. हे लिक्विड लोखंडाच्या कणांना लागलं की जांभळं होतं. पुढच्या रिमच्या बाहेरच्या बाजूला इकडेतिकडे थोडे जांभळे ओघळ आले, बस. पण त्याच रिमच्या आतल्या बाजूला, जिथे हात पोचत नाही, तिथे पूर्ण जांभळा चिखल उतरला. ती जुन्या पॅडची धूळ आहे, वर्षानुवर्षं भाजून बसलेली, पावसात आणि धुताना ती सुटते आणि स्पोकवरून बाहेर वाहत येते. आणि मागच्या दोन्ही रिम तर आतून-बाहेरून जांभळ्या झाल्या, कारण मागे अजून कंपनीचेच जुने पॅड आहेत.

मागचे पॅड आपण बदलले नाहीत, कारण जॉब कार्डवर लिहिलंय तसं त्यांच्यात ५ मिमी मटेरियल शिल्लक होतं. चांगले पॅड काढून फेकायला सांगणं मला बरोबर वाटत नाही. पण तेव्हाच बोलणं झालं होतं की मागची धूळ येत राहील. बऱ्याच जणांना वाटतं मागचे ब्रेक काही काम करत नाहीत. जोरात ब्रेक मारला की पुढेच जास्त भार येतो हे खरंय, पण हल्लीच्या गाड्यांत सिटीतल्या हलक्या ब्रेकिंगला इलेक्ट्रॉनिक सिस्टीम मागच्या चाकांकडून बरंच काम करून घेते, काही गाड्यांचे तर मागचे पॅड पुढच्यांच्या आधी संपतात. आणि तुमचं रोजचं रनिंग म्हणजे हिंजवडी, वाकड, सगळं सिग्नल ते सिग्नल. शिवाय रस्त्याची कामं चालू, सिमेंट आणि मुरमाची धूळ आहेच. ती साध्या पाण्याने निघते आणि निघाल्यावर डाग राहत नाही, हा फरक तुम्ही घरी सुद्धा बघू शकता.

सकाळचा ब्रेक. हा मुद्दा मी सगळ्यात सिरीयसली घेतो. पावसाळ्यात रात्रभर गाडी उभी राहिली की बिडाच्या डिस्कवर गंजाचा पातळ पापुद्रा येतो. लो-मेटॅलिक पॅड तो पहिल्याच दाबात खरवडून काढतो, सिरॅमिकला दोन-तीन ब्रेक लागतात. आणि सिरॅमिकची सुरुवातीची पकड मुळातच थोडी मऊ असते, पेडलवर जितका पाय तितका ब्रेक असं हळूहळू वाढत जातं. सवय जुन्या पॅडची असेल तर पहिले काही दिवस कमी वाटतं. म्हणून सोसायटीतून बाहेर पडताना गेटपर्यंत हळू स्पीडला दोन-तीनदा ब्रेक लावून घ्या, डिस्क साफ होते. पण पेडल खाली जात असेल, स्पंजसारखं लागत असेल किंवा पंप केल्यावरच ब्रेक लागत असेल तर तो पॅडचा विषयच नाही, ते ब्रेक ऑइल किंवा त्याच्या लाइनमधली हवा, अशा वेळी गाडी चालवू नका, फोन करा, मी माणूस पाठवतो. तुमच्या गाडीचं पेडल आपण दोनदा तपासलंय, टणक आहे.

ताम्हिणी, वरंधा असे घाट उतरताना सेकंड-थर्ड गिअरमध्ये इंजिनवर गाडी धरा, सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका. हे सगळ्याच पॅडना लागू आहे, पण सिरॅमिक उष्णता कमी वाहून नेतो त्यामुळे ती डिस्कमध्येच साठते. आणि घाट उतरून आल्या आल्या गरम डिस्कवर वॉशिंग सेंटरचं गार पाणी मारू देऊ नका, प्लीज. तुम्ही लिहिलंय की स्पोर्ट्स गाड्यांना सिरॅमिक ब्रेक असतात मग ते इतके हळू कसे पकडतील. ते कार्बन-सिरॅमिक, तिथे डिस्कच वेगळ्या मटेरियलची असते आणि सेटची किंमत लाखांत जाते. आपला फक्त पॅड सिरॅमिक आहे, डिस्क बिडाचीच.

लेथचे पैसे. डिस्कवर जुन्या पॅडचा थर होता आणि बाहेरच्या कडेला ओठ आला होता, बोट फिरवलं तरी लागत होता. त्या थरावर सिरॅमिक चढवला की कुठे जुना माल कुठे नवा असे पट्टे पडतात, मग शंभरच्या स्पीडला ब्रेक मारला की स्टीअरिंग थरथरतं आणि लोक म्हणतात डिस्क वाकडी झाली. तुमच्या डिस्कवर किमान जाडी २२ मिमी कोरलेली आहे, मायक्रोमीटरने मोजली तेव्हा २४.१ होती, हलका कट मारून २३.८ राहिली, म्हणजे भरपूर आयुष्य आहे. २२ च्या जवळ असती तर मी लेथवर घेतलीच नसती, नवीन डिस्क सांगितली असती. कट न मारता नुसते पॅड बदलून देणारे गॅरेज मिळतील आणि बिल पण कमी होईल, मी ते करत नाही.

अर्धा दिवस का लागला, तर आम्ही ब्रेक उघडल्यावर कॉम्प्रेसरची हवा मारून धूळ उडवत नाही. ती धूळ काम करणाऱ्या पोरांच्या छातीत जाते. जुन्या लायनरमध्ये तर ॲस्बेस्टॉस असायचं, त्या काळात हवा मारतच कामं शिकलेले मेकॅनिक मी जवळून बघितलेत आणि त्यांचा खोकला पण ऐकलाय. आमच्याकडे ब्रेक क्लीनरने ओलं करून, खाली ट्रे लावून पुसून काढतात, मास्क लावून. वेळ लागतो. युरोपात आता युरो ७ या प्रदूषणाच्या नियमांमध्ये धुरासोबत ब्रेकच्या धुळीवरही मर्यादा येतेय, पेट्रोल-डिझेल कारला किलोमीटरमागे ७ मिलीग्रॅम, इतकी ती गोष्ट गंभीर आहे. रिमवर दिसत नाही म्हणजे धूळ नाहीच असंही समजू नये, बारीक कण हवेत जातातच, त्यामुळे कमी धुळीचा पॅड नुसता रिमच्या शोभेसाठी आहे असं मला कधीच वाटलं नाही. तर तुमच्या गाडीची धूळ पुसल्यावर कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, पिना काढून साफ करून सिलिकॉन ग्रीस लावलं, मग बेडिंगसाठी, म्हणजे नवीन पॅडचा थर डिस्कवर बसवायला, गाडी स्पाइन रोडला नेली, साठवरून दहापर्यंत पूर्ण न थांबवता ब्रेक, मध्ये गार व्हायला वेळ, परत तेच. या कामात घाई केली की थर नीट बसत नाही.

डुप्लिकेटचं एका वाक्यात सांगतो, बॉक्स आणि सील तुमच्या समोर फोडलं होतं, रिकामा बॉक्स डिकीत ठेवलाय, पॅडच्या कडेला छापलेला कोड आणि बॉक्सवरचा कोड जुळवून बघा, त्यात एफएफ अशी दोन अक्षरं दिसतील, पहिलं नॉर्मल तापमानाच्या पकडीचं आणि दुसरं गरम झाल्यावरच्या. दोन्ही सारखी आहेत म्हणजे गरम झाल्यावरही पकड त्याच रेंजमध्ये राहते, हे बघूनच मी हा पॅड निवडला. याच्यापेक्षा कमी धूळ देणारे, ईई कोडचे, म्हणजे कमी पकडीचे, स्वस्त पॅड पण बाजारात मिळतात, रिम चकाचक राहील, पण तुमच्या दीड टनाच्या गाडीला ते मी लावणार नाही, मुलं मागे बसतात तुमच्या.

अजून एक, कोणीतरी तुम्हाला रिमच्या आत बसणारी पत्र्याची डस्ट शील्ड सुचवली असं लिहिलंय. ती बसवू नका. डिस्कला लागणारी हवा अडते आणि ब्रेक तापतात.

पुढे काय करायचं ते सांगतो. मागचे पॅड २-३ मिमीवर आले की मागेही याच प्रकारचे टाकू, तोपर्यंत वाट बघायची नसेल तर आधी पण करता येईल, निर्णय तुमचा. दोन्हीपैकी काहीही ठरवलं तरी चारही चाकं उतरवून रिम आतून आयर्न रिमूव्हरने धुऊन देतो, त्याचे पैसे घेणार नाही. डिझायनर रिम क्लीनर म्हणून ॲसिडवाली बाटली मिळते ती तोपर्यंत वापरू नका, लॅकर जातं. आणि एकदा माझ्यासोबत गाडीत बसून या, सकाळचा तो पहिला ब्रेक मला तुमच्या पायाखाली बघायचाय, त्यासाठी आदल्या रात्री गाडी गॅरेजला लावून गेलात तर उत्तम. सोमवार सोडून कधीही चालेल, साडेआठला शटर उघडतं.